प्रमुख पाहुण्याची जागा

जळकोटच्या बसस्टँडजवळ माझं फ्लेक्स बॅनरचं दुकान हाय. आधी पेंटर होतो, ब्रशनं बोर्ड लिहायचो. मग मशीन आलं अन् ब्रश गेला. ह्या तालुक्यात कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं तेरावं, सगळं माझ्या हातून जातं. चौदा वर्षांच्या पोराच्या फोटोखाली ‘युवा नेतृत्व’ छापलेला माणूस हाय मी, त्यामुळं छापलेल्या अक्षरावर माझा स्वतःचा काडीचा भरोसा न्हाई. पण लोकांचा हाय, अन् तिथंच घोडं पेंड खातं. माझं नाव सिद्धेश्वर, लोक अप्पा म्हणतात. सांगायचं हाय ते हणमंतरावच्या तनुजाबद्दल. तिला अडकवलं कुणी म्हणून विचाराल, तर पहिलं बोट माझ्याकडंच येतं, म्हणून आधीच नाव सांगून ठेवलं.

हणमंतराव माझ्या वर्गातला. जळकोटपासून सात किलोमीटरवर त्याचं गाव, घरची शेती, सोयाबीन अन् तूर. त्याची तनुजा अन् माझी मंजुषा शाळेपासूनच्या मैत्रिणी. दोघी नांदेडच्या विद्यापीठात शिकायला गेल्या अन् विष्णुपुरीत एकाच खोलीत राहिल्या. मंजुषा एम.कॉम.ला, तनुजा एम.एस्सी. केमिस्ट्रीला. माझ्या पोरीचं तोंड दिवसभर चालू असतं, माझ्यावरच गेलीय. तनुजा गरीब गाय. हसली तरी हात तोंडावर ठेवून हसायची. पण डोकं असं, की बापानं आणलेलं खत ग्लासभर पाण्यात विरघळवून बघायची अन् सांगायची, “बाबा, ह्यात माती हाय, दुकानदाराला परत द्या.” दुकानदार शिव्या घालत परत घ्यायचा. हणमंतराव हे मला कितीदा सांगितला असेल त्याची गिनती न्हाई.

तिचं पहिलं वर्ष संपलं अन् घरात लग्नाचं निघालं. त्या घरात हणमंतरावचं काही चालत न्हाई. थोरला भाऊ व्यंकटराव म्हणंल ती पूर्व दिशा. व्यंकटराव म्हणला, पोरीला तेविसावं लागलं, लातूरचं स्थळ हाय, पोराचं औषधाचं दुकान हाय. शिकून काय नोकरी ठेवलीय का कुठं? एक वर्ष शिकली, बास झालं, दिवाळीनंतर बार उडवून टाकू. हणमंतराव मान हलवला. तनुजा चहाचे कप उचलून आत गेली. पण मंजुषा सांगत होती, की खोलीवर ती वहीत दिवस मोजायची, प्रयोगशाळेत किती दिवस जायला मिळतील ते.

असं चालू असताना आषाढात एक दिवस हणमंतराव दुकानात आला. दस्तीनं तोंड पुसून राहिला, पण तोंडावरचं हसू काही पुसून जाईना. “अप्पा, पोरगी अँबेसिडर झाली!”

“काय झाली?”

“अँबेसिडर! कंपनीत! हे बघ.” मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. तनुजानं ते पत्र आपल्या स्टेटसला ठेवलं होतं, गावातल्या पोरांनी बापाला दाखवलं, बाप माझ्याकडं. पत्र सगळं इंग्रजीत. वर रंगीत पट्टी, खाली सही. मोबाईलवर अभ्यास शिकवणारी कुठलीतरी कंपनी. नाव सांगत न्हाई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मी दहावी पास माणूस. ‘सिलेक्टेड’ कळलं. ‘अँबेसिडर’ कळलं. मधी ‘कॅम्पस’ लिहिलेलं होतं, मला वाटलं डिपार्टमेंटचं नाव असंल.

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो. फ्लेक्सवाला नवं काही बनवत न्हाई. जुनं डिझाईन उघडायचं, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं. माझ्याकडं एका पोरीचं डिझाईन तयार होतं, बँकेत लागली होती ती. मी तिचा फोटो काढला, तनुजाचा टाकला. खाली ओळ होती, ‘नोकरीत रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. तिथं माझा हात थांबला. खोटं कशाला बोलू, थांबला होता. मी विचारलं, “हणमंतराव, नोकरीच हाय ना रे?”

“मग काय कंपनी पूजेला बोलावती व्हय?”

मी हसलो अन् ती ओळ तशीच ठेवली. पंधरा बाय दहाचं बॅनर संध्याकाळी चौकात चढलं.

त्या बॅनरनं काय केलं बघा. व्यंकटराव, जो पोरीच्या शिक्षणाचं नाव काढलं की पायतान घालून बाहेर जायचा, तो बॅनरखाली उभा राहून फोटो काढून घेतला. पुतणी कंपनीत हाय म्हणून अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला अन् घरी जाऊन म्हणला, “राहू द्या पोरीला आणखी एक वर्ष. नोकरीवाल्या पोरीला स्थळं बी तोलामोलाची येतात.” लातूरच्या लोकांना निरोप गेला, की जरा दम धरा.

बॅनरचा फोटो नांदेडला पोचला तेव्हा तनुजा आधी हसली म्हणे. मग दुसऱ्यांदा वाचली अन् पलंगावर खाली बसली. “मंजू, हे चुकीचं छापलंय. बाबांना सांगायला पाहिजे.” फोन हातात घेतला, तेवढ्यात आईचाच आला. तारामती वहिनी फोनवर रडत होत्या, आनंदानं. “बाई, तुझ्या मोठ्या बाबांनी होकार दिला गं. शीक दुसरं वर्ष. माझ्या लेकीनं नशीब काढलं.” तनुजा “हाव आई, हाव आई” म्हणत ऐकून घेतली. फोन ठेवला अन् वही उघडली. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, सांगितलंच न्हाई. मी तिच्या जागी असतो तर मी बी सांगितलं नसतं.

मला ह्यातलं काही मालूम नव्हतं. सप्टेंबरात शाई आणायला नांदेडला गेलो, तर म्हणलं पोरीला भेटावं. विद्यापीठाच्या गेटसमोर उतरलो अन् बघतो तर काय, आमची तनुजा रस्त्याच्या कडेला उन्हात उभी. अंगात ढगळ नारिंगी टी-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात पत्रकांचा गठ्ठा. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना आडवी जाऊन म्हणून राहिली, “दादा, एक मिनिट, फक्त नंबर टाका.” पोरं हसायची, बाजूनं निघून जायची. ही पोरगी कधी कुणाला वाट विचारणार न्हाई, ती अनोळखी पोरांना आडवी जाऊन राहिली! माझं डोकंच फिरलं.

मला बघून तिचा चेहरा उतरला. टोपी काढली, टी-शर्ट सारखा केला अन् म्हणली, “अप्पा, चहा घ्या.”

टपरीवर बसून सगळं सांगितली. कॅम्पस अँबेसिडर म्हणजे कॉलेजातल्या पोरांपैकीच एक, कंपनीची जाहिरात करणारा. पगार न्हाई. शेवटी एक सर्टिफिकेट मिळतं अन् हा टी-शर्ट. सर म्हणले होते, अशा सर्टिफिकेटचा पुढं उपयोग होतो, म्हणून तिनं फॉर्म भरला. आठवड्याला चाळीस नवीन पोरांचे नंबर त्या ॲपमध्ये नोंदवायचे. दोन आठवडे कमी पडले की व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून नाव काढून टाकतात, सगळ्यांसमोर.

“मग काढू दे की! तुला काय त्याचं?” मी ओरडलोच. “आजच्या आज सोड हे थेर!”

“त्या ग्रुपात आपल्या जळकोटची दोन पोरं हायत अप्पा, त्यांनी बी घरी नोकरीच सांगितलीय. इकडं नाव निघालं की संध्याकाळपर्यंत गावात कळंल, तनुजाची नोकरी गेली. मग लातूर हायच की.”

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं होतं पोरीचं. वर्गातल्या पोरींचे नंबर पहिल्या महिन्यातच संपले. त्यांना कंपनीचे फोन जायला लागले, दिवसातून चार-चार, तवापासून त्या हिला बघून जिना बदलायच्या. मॅडम म्हणल्या होत्या, तू केमिस्ट्रीची विद्यार्थिनी हायेस का कंपनीची? गावाकडून वेगळीच कटकट. कुणाचा तरी बाप रोज फोन करायचा, “ताई, आमच्या सुदर्शनला बी चिकटवून घे की तुझ्या कंपनीत.” ह्या सगळ्यांना ती ‘बघते’ म्हणायची. त्या एका शब्दावर तिचे दिवस चालले होते.

मला शरम वाटली. म्हणलं, “बॅनर माझं, चूक माझी. मी आज जाऊन तुझ्या बापाला सांगतो.”

तिनं माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. “अप्पा, पाया पडते, सांगू नका. मे महिन्यात शेवटची परीक्षा हाय. ती झाली की मी माझ्या तोंडानं सांगते. मग मारू देत न्हाईतर लग्न लावू देत. मला फक्त डिग्री पुरी करू द्या.”

मी कबूल झालो. येताना बसमध्ये स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या की शेजारचा माणूस सरकून बसला.

दिवाळीत ती गावी आली. चार दिवस घराबाहेर पडली न्हाई, अभ्यासाचं निमित्त सांगून. पण गाव घरी आलं. भावकीतल्या सगळ्यांनी आपापल्या पोरांच्या नावानं स्वतःचे नंबर आणून दिले होते, हणमंतरावच्या पोरीचा मान म्हणून. अन् मान म्हणून दिलेल्या त्या नंबरांवर कंपनीचे फोन सुरू झाले. माणूस पाठीवर पंप घेऊन फवारणी करून राहिलाय अन् फोनवर बाई हिंदीत विचारते, आपके बच्चे के भविष्य के बारे में क्या सोचा है? लोक बेजार झाले. तोंडावर कुणी बोललं न्हाई, पण पारावर कुजबुज सुरू झाली. कंपनी कंपनी म्हणतात, पण पोरीच्या कानात नवं डूल बी दिसंना.

त्याच दिवसांत हणमंतराव दुकानात येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला, पाऊस लांबला, सोयाबीनला भाव न्हाई. मग मशीनकडं बघत म्हणला, “अप्पा, कंपनीत पगार किती दिवसांनी चालू होतो रे?”

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणलं, “नवीन माणसाला ट्रेनिंग असतं. सात-आठ महिने तर जातेतच.”

“असं व्हय,” म्हणला. चहा पिला अन् गेला. मला वाटलं, वाचलो.

जानेवारीत व्यंकटराव आला. गावात सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर तनुजाचा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. पारावरची कुजबुज त्याच्या कानावर गेली होती अन् त्याच्या इज्जतीला लागली होती. म्हणून मोठा कार्यक्रम, मोठं बॅनर, नोकरीची ओळ तीच. अध्यक्ष सरपंच. प्रास्ताविक मुख्याध्यापक. ‘प्रमुख पाहुणे’ म्हणून डिझाईनमध्ये गोल चौकट असती फोटोची, ती तेवढी रिकामी. व्यंकटराव म्हणला, “जागा रिकामी ठिवू नका. रिकामी दिसली की लोक म्हणतेत, ह्यांना कुणी मिळाला न्हाई. कुणीतरी वजनदार बघा, अप्पा. तुमच्या सगळ्या ओळखी हायत.”

अन् इथं माझ्या अकलेनं माती खाल्ली. मला वाटलं, कंपनीचा साहेबच आणून स्टेजवर बसवावा! लोक म्हणतेत ना नोकरी खरी का खोटी? मग घ्या, साक्षात कंपनी बसलीय समोर. एकदा साहेबाच्या हातून पोरीला शाल मिळाली की मे महिन्यापर्यंत कुणाची हिंमत होणार न्हाई बोलायची. तनुजाला विचारलं न्हाई. तिचं प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणलं कशाला त्रास. नीलाबाई, म्हणजे आमच्या मंडळी, म्हणल्या बी, “जिची गोष्ट हाय तिला विचारा आधी.” मी म्हणलं, तुला काय कळतंय ह्यातलं. माझी आई असती तर म्हणली असती, करायला गेला गणपती अन् झाला मारुती.

पत्रावरचा पत्ता लातूरचा होता. गेलो. क्लासेसच्या गल्लीत, एका मिठाईच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. जिन्यात टी-शर्टांचे गठ्ठे. साहेब म्हणजे पंचविशीचं पोरगं, श्रीशैल नाव, दाढी कोरलेली, बोलायला लई गोड. माझं नाव ऐकून उठून उभा राहिला, पाणी दिलं. आमच्याच लिंगायताचं पोर निघालं, नात्यातलं नातं बी निघालं. मी सत्काराचं सांगितलं तर डोळे चमकले त्याचे. “अप्पा, मला आजवर कुणीच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलेलं नाही. नक्की येतो. तनुजाताई म्हणजे आमच्या पूर्ण मराठवाड्यात एक नंबर आहेत.”

पगाराचं काही बोलू नको, असं त्याला सांगावं का, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण म्हणलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आपणच कशाला उघडा. अन् दुसरं असं, की कुठला मालक माईकवर सांगंल, की मी माणसाला फुकट राबवून घेतो? आपणहून कुणी सांगतंय का असं? मी खुशीत परत आलो अन् त्याचा फोटो गोलात बसवला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, लेकरांना लाडू वाटले, अन् सत्कार सुरू झाला. तनुजा आदल्या रात्रीच्या बसनं आली होती, डोळे सुजलेले. श्रीशैल मोटारसायकलवरून उतरला तशी ती माझ्याजवळ आली.

“अप्पा, ह्यांना कुणी बोलावलं?”

“मीच. तू घाबरू नको, तुझ्या फायद्याचंच हाय.”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं न्हाई. रागानं बघितली असती तर बरं झालं असतं. मग स्टेजवर जाऊन खुर्चीत बसली. फेटा बांधला तिला. तो जरा मोठा झाला होता, कपाळावर उतरत होता, ती सारखा वर सरकवत होती. हणमंतराव अन् तारामती वहिनी पहिल्या रांगेत, व्यंकटराव स्टेजवर.

श्रीशैलनं माईक हातात घेतला. पोरगं मनापासून बोलून राहिलं होतं, त्याला दोष देत न्हाई मी. म्हणला, “गावकरी बंधूंनो, आज एक रुपया मिळाल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. पण तुमची ही लेक सात महिने आमच्यासाठी काम करते आहे. पगार नाही. मानधन नाही. साधं बसचं तिकीटसुद्धा आम्ही देत नाही! ही नोकरी नाही मित्रांनो, ही सेवा आहे. एकदा जोरदार टाळ्या!”

लेकरांनी टाळ्या वाजवल्या. लेकरं कशालाही वाजवतात. मोठ्यांचे हात अर्ध्यातच थांबले. मागून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, “मग बॅनरवर नोकरी म्हणून कशाला लिवलंय?” सगळं मैदान वळून बॅनरकडं बघितलं, मग माझ्याकडं. जमीन पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, ते त्या दिवशी मला कळलं. काहीजण हसले. व्यंकटरावचं तोंड काळंनिळं झालं.

मुख्याध्यापक घाईघाईनं पुढं आले. कार्यक्रमपत्रिकेत पुढं ‘सत्कारमूर्तींचं मनोगत’ होतं, म्हणून त्यांनी माईक तनुजाला दिला. तिनं फेटा काढून मांडीवर ठेवला अन् उभी राहिली. “मी एम.एस्सी. करते,” म्हणली. “मला नोकरी न्हाई. मी शिकते, एवढंच करते.” अन् बसली. तिच्या आवाजात थरथर नव्हती.

व्यंकटराव त्याच संध्याकाळी लातूरला फोन लावला. आठ दिवसांत सुपारी फुटली, चैत्रातला मुहूर्त निघाला. परीक्षेचं काय, म्हणून तारामती वहिनी विचारल्या तर व्याही म्हणले, बघू की, आधी लग्न तर होऊ द्या. एकच सेमिस्टर राहिलं होतं. एकच!

मला राहवेना. हणमंतरावच्या शेतावर गेलो. तो हरभऱ्यात उभा होता. मी जे होतं ते सगळं ओकून टाकलं. नांदेडचा चहा, माझं वचन, ट्रेनिंगची थाप, साहेबाला मीच आणलं ते. म्हणलं, “हणमंता, मार मला, पण पोरीला परीक्षेपुरतं सोड. तुला तिनं फसवलं ते माझ्या बॅनरमुळं.”

तो खाली बसला. माती हातात घेऊन चोळत राहिला. म्हणला, “मला फसवलं न्हाई रे कुणी. मला दिवाळीच्या आधीच म्हाईत हाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“दसऱ्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन नांदेडला गेलतो,” तो म्हणला. “न सांगता. गेटासमोर बघितलो तिला. पत्रकं देत होती, अन् पोरं घेऊन पुढं जाऊन फेकत होती. तीच पत्रकं ती वेचून, झटकून परत वाटत होती. मी रसाच्या गाड्यामागं उभा राहिलो. समोर गेलो असतो तर तिला माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून आलो परत. डबा बसमध्येच एका म्हातारीला दिला, घरी सांगितलं देऊन आलो म्हणून.”

“मग तू माझ्याकडं आलास, पगाराचं विचारायला...”

“तुला म्हाईत हाय का ते बघायला आलतो. तू ट्रेनिंग म्हणलास. मला बरं वाटलं. म्हणलं, चला, आणखी एक माणूस हाय तिच्या बाजूनं. मे महिना काय लांब हाय, निघंल.”

मी तिथंच बांधावर बसलो. पोरगी बापापासून लपवत होती, बाप पोरीपासून लपवत होता, दोघं बी एकाच गोष्टीसाठी, अन् मी मधी वाजतगाजत पाहुणा घेऊन आलो! रडू बी येईना.

“मग स्टेजसमोर बसला होतास ना तू?” मी म्हणलं. “उठून एक शब्द बोलला असतास! मला म्हाईत होतं, माझी पोरगी हाय, मी बघतो, एवढं म्हणायचं होतं हणमंता!”

“म्हणायचं होतं,” तो म्हणला. “उठायला बी लागलो होतो. थोरल्यानं माझ्याकडं बघितलं अन् बसलो. जन्मात कधी त्याच्यासमोर तोंड उघडलं न्हाई अप्पा, त्या दिवशी कुठून उघडंल? आता बी उघडंना. रोज सकाळी ठरवतो, आज सांगतो. रोज बैल सोडून शेतात येतो.”

मग त्यानं माझा हात धरला अन् माझ्याच गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवायला लावला. “तिला कधी सांगू नको. तिला वाटू दे बाप येडा हाय, बापाला काही कळत न्हाई. बापाला कळत होतं अन् तरी तो बसून राहिला, हे तिला कळलं तर तिनं माहेराला यायचं कशासाठी?” मी शपथ घेतली. काय करणार होतो?

लग्नाच्या पंधरा दिवस आधी तनुजा नांदेडची खोली सोडून आली. मंजुषानं घरी पाठवलेली जुनी पुस्तकं द्यायला दुकानात उतरली. लातूरची गाडी, न्हाई, गावची गाडी यायला वेळ होता. बघा, माझ्या तोंडात आत्तापासूनच लातूर यायला लागलंय. मी खुर्ची दिली, ती बसली न्हाई. मशीन चालू होतं, ते बंद केलं. म्हणलं, “माझ्यामुळं झालं बाई हे सगळं. मला माफ कर.”

“तुम्ही चांगल्यासाठीच केलं अप्पा,” म्हणली. मग थोडा वेळ पुस्तकांच्या दोरीची गाठ चाचपत राहिली. “एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“बाबांना खरंच काही म्हाईत नव्हतं? शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं मला नोकरी हाय म्हणून?”

खरं सांगावं तर पोरीला कळणार, बाप समोर बसून होता अन् हलला न्हाई. खोटं बोलावं तर तिच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहणार, की भोळ्या बापाला आपण सात महिने फसवलं. शपथ होती म्हणून सोपं झालं असं म्हणता येईल, पण सोपं नव्हतं.

“न्हाई,” मी म्हणलं. “त्याला काहीच म्हाईत नव्हतं.”

तिनं मान हलवली. डोळे भरले होते, पण पुसले न्हाईत. “मग माझ्यासोबत झालं ते बरोबरच झालं,” म्हणली, अन् पिशवी उचलून बसस्टँडकडं गेली.